चंद्राचा पिनकोड कुणी ठरवायचा?

दर्यापूर तालुक्यात एक वडनेर आहे. बुलडाणा जिल्ह्यात नांदुऱ्याजवळही एक वडनेर आहे. म्हणून एकाच्या मागे गंगाई लागते आणि दुसऱ्याच्या मागे भोलजी. लासूरचेही तसेच. आनंदेश्वराच्या देवळाचे लासूर दर्यापूरजवळ, तर रेल्वे स्टेशनचे लासूर छत्रपती संभाजीनगरकडे. नुसते ‘वडनेर’ किंवा नुसते ‘लासूर’ लिहिलेले पाकीट भलत्याच जिल्ह्यात फिरून यायचे, तोवर मुलाखतीची तारीख उलटून गेलेली असायची.

या घोळावर उपाय काढला तो एका मराठी माणसाने. केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे जाणकार कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. दर्यापूरचा पिनकोड ४४४८०३. यातला पहिला ४ महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्याचा. ४४ म्हटले की विदर्भ, ४४४ म्हटले की अकोला-अमरावतीचा वऱ्हाड. शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. चेन्नईत पत्रे वेगळी करणाऱ्या कर्मचाऱ्याला दर्यापूर कुठे आहे हे ठाऊक असण्याची गरज नाही. त्याने पहिला आकडा पाहायचा आणि पत्र योग्य थैलीत टाकायचे. पुढचे आकडे पुढचे लोक पाहतील. देशातल्या लाखो गावांची यादी कुणालाच पाठ करावी लागत नाही, हे या सहा आकड्यांचे खरे काम.

वेलणकरांच्या रचनेत आणखी एक खुबी होती. आठ विभाग भूगोलाप्रमाणे पाडले आणि नववा, म्हणजे ९ या आकड्याचा, लष्कराच्या टपालासाठी राखून ठेवला. ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘मार्फत ९९ एपीओ’ असा पत्ता वऱ्हाडातल्या कितीतरी घरांनी वर्षानुवर्षे लिहिला आहे. पलटण आज लडाखला असेल, उद्या आसामात. घरच्यांना ते कळायची गरज नाही. ९ दिसला की पत्र लष्कराच्या टपालाकडे जाते आणि जवान कुठे आहे ते तिथले लोक पाहतात.

पन्नास वर्षांपूर्वीची ही गोष्ट आज आठवण्याचे कारण म्हणजे अगदी हाच प्रश्न इंटरनेट चालवणाऱ्या अभियंत्यांपुढे चंद्र आणि मंगळाच्या बाबतीत उभा राहिला आहे.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. हे पत्ते वाटण्याचे काम पृथ्वीवर पाच प्रादेशिक नोंदणी संस्था करतात: उत्तर अमेरिकेसाठी आरिन, युरोप व पश्चिम आशियासाठी राइप, आशिया-पॅसिफिकसाठी एपनिक, लॅटिन अमेरिकेसाठी लॅकनिक आणि आफ्रिकेसाठी आफ्रिनिक. या पाचांना मोठे गठ्ठे देणारी वरची संस्था आयाना. भारतात एपनिकच्या हाताखाली आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणी आहे. सगळी व्यवस्था खंडांप्रमाणे आखलेली. चंद्र यातल्या कुठल्या खंडात येतो? कुठल्याच नाही.

आजवर याने काही बिघडले नाही, कारण अवकाशात खऱ्या अर्थाने ‘जाळे’ नव्हते. चांद्रयान-३ चे लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले तेव्हा चंद्राभोवती फिरणाऱ्या चांद्रयान-२ च्या ऑर्बिटरशी त्याचा दुवा जोडलेला होता आणि संदेश बंगळूरुजवळच्या ब्यालालू केंद्रात येत होते. पण यान इस्रोचे, ऑर्बिटर इस्रोचे, अँटेनाही इस्रोचा. घरातल्या घरात हाक मारायला पत्ता लागत नाही. वस्ती वाढली, शेजारी आले, एकमेकांच्या दारातून निरोप पाठवायची वेळ आली की दारांवर क्रमांक लावावे लागतात.

ती वेळ जवळ येते आहे. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील इंट्युइटिव्ह मशीन्स या खासगी कंपनीचे अथेना यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले, त्यावर नोकियाने बनवलेले चौथ्या पिढीचे छोटे मोबाइल नेटवर्क होते. म्हणजे आपल्या खिशातला फोन ज्या तंत्राने बोलतो, तेच. दुर्दैवाने यान आडवे पडले, नेटवर्कला जेमतेम २५ मिनिटे वीज मिळाली आणि त्यावरून फोन जोडायची संधी काही आली नाही. पण फोर-जी आले म्हणजे आयपी पत्ते आले. नासा, युरोपची ईसा आणि जपानची जाक्सा या तिघांनी चंद्राभोवतीच्या सामायिक दळणवळणासाठी ‘लुनानेट’ नावाचे नियम एकत्र बसून आखायला घेतले आहेत, तेही याचसाठी.

यात भारत बघ्यांपैकी नाही. चांद्रयान-५ ही मोहीम इस्रो आणि जाक्सा मिळून करत आहेत आणि केंद्राने तिला मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. लँडर भारताचा, त्यातून उतरणारा रोव्हर जपानचा, आणि त्या रोव्हरवरच्या उपकरणांत एक नासाचे, एक ईसाचे. या चौघांनी आपापल्या घरच्या नोंदणीतून पत्ते आणले, तर एका गाडीवर तीन खंडांचे पत्ते होतील. मुंबईच्या एकाच चाळीत एका खोलीचा पिनकोड नागपूरचा, दुसरीचा टोकियोचा आणि तिसरीचा पॅरिसचा असावा, तसे.

इथे कुणी म्हणेल, असेनात का. पत्ते काही संपत नाहीत. ते खरेच आहे. जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही-४ चे, एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. आयानाकडचा त्यांचा शेवटचा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. नव्या आयपीव्ही-६ मध्ये मात्र ३४ वर ३७ शून्ये इतके पत्ते आहेत. चंद्रावरच्या प्रत्येक धोंड्याला एकेक दिला तरी उरतील.

अडचण पत्त्यांच्या संख्येची नाही, रचनेची आहे. वाटेतल्या प्रत्येक राउटरला ‘कुठला पत्ता कुठल्या दिशेला’ याची वही ठेवावी लागते. पृथ्वीवर आयपीव्ही-४ ची ही वही आजच दहा लाख ओळींच्या घरात गेली आहे. इथले राउटर ते पेलतात, कारण इथे वीज आहे, पंखे आहेत आणि बिघडले तर बदलता येते. अवकाशात किरणोत्साराला टिकणारे प्रोसेसर वापरावे लागतात आणि ते काळाच्या मागे असतात. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या संगणकाची रॅम २५६ मेगाबाइट आहे. बाजारातल्या अगदी स्वस्त फोनमध्येही याच्या कितीतरी पट असते. अशा यंत्राच्या वहीत ‘मंगळाचे सगळे या दिशेला’ अशी एकच ओळ असली तर काम सोपे. प्रत्येक देशाची, प्रत्येक कंपनीची वेगळी ओळ लिहायची तर वही फुगत जाणार.

म्हणून अवकाशासाठी पत्त्यांचा वेगळा गठ्ठा राखून ठेवावा आणि एकेका खगोलावरचे पत्ते त्यात एकत्र राहतील असे पाहावे, अशी सूचना पुढे आली आहे. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेत टोनी ली यांनी तसा मसुदा मांडला. आयपी इतर ग्रहांवर कसे न्यावे याचा विचार करणाऱ्या तिथल्या कार्यगटाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘टिपटॉप’ असा शब्द होतो. मराठी वाचकाला हे नाव वेगळे समजावून सांगायला नको. मसुदा म्हणजे नियम नव्हे. पण दिशा वेलणकरांच्या नवव्या विभागाचीच आहे.

वेगळ्या गठ्ठ्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो वैद्यकाच्या अंगाने पाहिला की लगेच पटतो. पत्ता पाहताक्षणीच कळले पाहिजे की हा निरोप दूर जाणार आहे. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंद पुरतो, मंगळापर्यंत मात्र ३ ते २२ मिनिटे लागतात. आपले इंटरनेट ‘पोचले का?’ ‘हो, पोचले’ अशा सततच्या विचारपुशीवर चालते. मंगळाशी ही एक विचारपूस व्हायला पाऊण तास जाऊ शकतो. शिवाय साधारण २६ महिन्यांनी सूर्य मध्ये येतो आणि काही दिवस बोलणेच बंद पडते.

या अंतराचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे शियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण रेडिओ संदेश नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बीण ऐकत होती. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिकडे कान लावून होत्या. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात संदेश तुटला. यान आदळले होते. पण खोडदला ती शांतता ऐकू आली तेव्हा घडून गेलेल्या गोष्टीला पावणेदहा मिनिटे होऊन गेली होती.

आता दुसरे चित्र. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेतल्या डाव्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. मोहिमेला दोनेक महिने झाले होते, तक्रार काहीच नव्हती, संशोधनासाठी सोनोग्राफी करताना ती दिसली. हे प्रकरण २०२० च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. सोनोग्राफीचा प्रोब अंतराळवीराने स्वतः धरला आणि ‘थोडा वर, थोडा डावीकडे’ असे जमिनीवरचे रेडिओलॉजिस्ट त्याच क्षणी सांगत होते. स्थानकावरच्या औषधपेटीत एनॉक्सापॅरिनच्या मोजक्या बाटल्या होत्या, त्या पुरवून पुरवून वापरल्या. नंतर मालवाहू यानाने गोळ्या पाठवल्या. रुग्ण सुखरूप परतला. हे जमले कारण स्थानक ४०० किलोमीटरवर आहे. दर्यापूरहून मुंबई याहून लांब पडते.

मंगळावर असे काही झाले तर ‘थोडा वर’ हे सांगणे पोचेपर्यंत हात अवघडलेला असेल. तिथे संवादाची पद्धतच वेगळी हवी: सगळी माहिती एकदाच नीट बांधून पाठवायची, मधल्या प्रत्येक थांब्याने ती जपून ठेवायची आणि वाट मोकळी झाली की पुढे ढकलायची. हे तंत्र तयार आहे, त्याला बंडल प्रोटोकॉल म्हणतात. १९९८ पासून विंट सर्फ आणि नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतले त्यांचे सहकारी या विचारामागे होते. २००८ मध्ये लाखो किलोमीटरवरच्या एका यानाशी त्याची चाचणी झाली, २०१६ पासून ते अवकाश स्थानकावर आहे आणि २०२४ मध्ये सोडलेला नासाचा पेस हा उपग्रह आपली माहिती रोज याच पद्धतीने पाठवतो.

आणि पत्त्यांच्या वादाची खरी मेख इथेच आहे. बंडल प्रोटोकॉलचे क्रमांक वेगळे आणि आयपीचे पत्ते वेगळे. कुठले वापरायचे यावरून दोन पक्ष आहेत. दोघांचे म्हणणे समजून घ्यायला रुग्णालयाचा वॉर्ड पुरेसा आहे. वॉर्डात रुग्णाला दोन क्रमांक असतात. खाटेचा क्रमांक तो कुठे आहे हे सांगतो, नोंदणीचा क्रमांक तो कोण आहे हे सांगतो. ‘चौदा नंबरला इंजेक्शन द्या’ असे म्हणणे सोयीचे असते, पण दुपारी चौदाचा रुग्ण सहावर हलवला आणि चौदावर नवा आला की हीच सोय जीवावर उठते. म्हणून इंजेक्शन देण्याआधी नाव आणि नोंदणी क्रमांक पडताळायचा, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात. आयपी पत्ता बहुतांशी खाटेचा क्रमांक आहे. यान पृथ्वीच्या कक्षेतून चंद्राकडे आणि पुढे मंगळाकडे निघाले की तो बदलावा लागतो. बंडल प्रोटोकॉलमधला क्रमांक नोंदणीचा आहे, यान कुठेही गेले तरी तोच. तो देण्याची व्यवस्थाही आधीच आहे. आयानाने क्रमांकांचा एक भाग अवकाश संस्थांच्या साना या नोंदणीकडे सोपवला आहे.

चांगल्या वॉर्डात दोन्ही क्रमांक लागतात. अवकाशातही बहुधा तसेच होईल: मंगळाच्या तळावर, खोल्याखोल्यांत आयपी, कारण साऱ्या उपकरणांना तीच भाषा येते, आणि ग्रहाग्रहांमधल्या लांब पल्ल्याला बंडल. केवळ आयपीच सगळीकडे ताणून न्यावे, असा आग्रह धरणाऱ्यांनी तंत्र ओळखीचे आहे यापलीकडे फारसा जोरदार मुद्दा मांडलेला नाही. पण तळावरच्या आयपीसाठी तरी गठ्ठा लागणारच, त्यामुळे तो कुणी द्यायचा हा प्रश्न सुटत नाही.

इथे भारताने आपला जुना अनुभव विसरू नये. सुरुवातीच्या काळात आयपी पत्ते मागेल त्याला मिळाले, आणि मागणारे थोडे होते. अमेरिकेतल्या एमआयटी या एका विद्यापीठाकडे १ कोटी ६७ लाख पत्ते आले. २०१७ मध्ये त्यांनी त्यातले सुमारे ८० लाख विकायला काढले, इतके ते पडून होते. भारताला तेव्हा तंत्र कळत नव्हते असे नाही. १९८६ च्या सुमारास मुंबईत एनसीएसटी आणि आयआयटी यांच्यात ई-मेल जात होते आणि १९८९ मध्ये डॉट-इन ही ओळख एनसीएसटीच्याच नावावर नोंदली गेली. पण सामान्य माणसासाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत. तोवर पंगतीत पहिल्या वाढप्याने बरेच वाढून टाकले होते. दीडशे कोटींच्या घरातल्या देशाला आयपीव्ही-४ चे पत्ते मिळाले ते काही कोटी.

याची झळ दर्यापूरपर्यंत आली. मोबाइल कंपन्यांनी एकेका पत्त्यामागे कितीतरी ग्राहक बसवले. पूर्वीच्या एसटीडी बूथसारखे: तिथून बाहेर फोन लावता येई, पण बाहेरच्याला तुम्हाला गाठता येत नसे. रील पाहायला याने काही अडत नाही. रुग्णाच्या घरी लावलेल्या यंत्राशी रुग्णालयाने थेट बोलायचे म्हटले की अडते, मग मध्ये कुणाचा तरी सर्व्हर घ्यावा लागतो, त्याचे भाडे द्यावे लागते आणि रुग्णाची माहिती तिसऱ्याच्या हातून जाते. आयपीव्ही-६ ने हे बरेच सुधारले, आणि त्याच्या वापरात भारत आज जगात आघाडीवर आहे. गरज होती म्हणून.

थोडे विषयांतर. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकबरोबर इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव यांच्याबरोबर आपले वाशीमही आहे. आकाशातून येणारे हे इंटरनेट ‘अवकाशातले पत्ते’ मागत नाही. साडेपाचशे किलोमीटरवरचे उपग्रह फक्त निरोप पुढे देतात, पत्ता जमिनीवरच्या व्यवस्थेतलाच असतो. आरोग्य उपकेंद्राच्या छतावर तशी थाळी बसली तर तिथल्या परिचारिकेला चंद्राच्या पिनकोडची काळजी करायला नको.

राहिला प्रश्न, वेगळा गठ्ठा सांभाळणार कोण. सहावी नोंदणी संस्था काढावी तर तिचे सभासद कोण, फी कोण भरणार, तंटा झाला तर न्यायालय कुठले? १९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्रावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येत नाही, पण तिथे उतरलेल्या यानावर मात्र ते नोंदवणाऱ्या देशाचाच अधिकार राहतो. म्हणजे जमीन कुणाचीच नाही आणि घर मात्र प्रत्येकाचे. नोंदणी संस्था बिघडली तर काय होते, हे आफ्रिनिकने दाखवले आहे. पत्त्यांच्या वाटपावरून मॉरिशसच्या न्यायालयांत खटल्यांवर खटले चालले, संचालक मंडळ अपुरे पडले आणि २०२३ मध्ये न्यायालयाला रिसीव्हर नेमावा लागला. एका खंडाचे पत्ते अशा अवस्थेत राहिले.

चुकीची किंमतही पाहून ठेवावी. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातल्या एका दूरसंचार कंपनीने देशापुरते यूट्यूब बंद करताना चुकून त्याचे पत्ते जगाला ‘आमच्याकडे आहेत’ असे कळवले आणि दोनेक तास जगभर यूट्यूब दिसेनासे झाले. लोकांनी फोनाफोनी करून ते दुरुस्त केले. मंगळाच्या बाबतीत चूक झाली आहे हे कळायलाच वीस मिनिटे, ती दुरुस्त करायचा निरोप पोचायला आणखी वीस, आणि तोवर तिथल्या कुणाचा ईसीजी भलत्याच दिशेला निघालेला असेल.

भारताने जून २०२३ मध्ये आर्टेमिस करारावर सही केली आहे, २०३५ पर्यंत स्वतःचे अवकाश स्थानक आणि २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय, अशी उद्दिष्टे जाहीर झाली आहेत. रॉकेट आणि यानाची तयारी बातम्यांत दिसते, पत्त्यांच्या नियमांची दिसत नाही. इस्रो, दूरसंचार विभाग आणि आयआरआयएनएन या तिघांनी एकत्र बसून भारताची भूमिका लिहून काढावी, एवढे तरी चांद्रयान-५ निघण्याआधी व्हायला हरकत नाही. आयईटीएफमध्ये देशांना मते नसतात, तिथे माणसे बोलतात, आणि कुणीही बोलू शकतो. बैठकीत एखाद्या मुद्द्याला कितपत पाठिंबा आहे हे पाहायचे तर तोंड मिटून गुणगुणायला सांगण्याची तिथली जुनी प्रथा आहे. खोलीतला गुणगुणण्याचा आवाज कुठल्या बाजूला मोठा येतो ते अध्यक्ष ऐकतात. त्यासाठी आधी खोलीत असावे लागते.